झुलिप : कारखान्यातल्या बोलण्याला विषयवार नस्ती लावणारे साधन

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्याचा गुणवत्ता विभाग मी सांभाळते. कंपनीतल्या कंपनीत बोलण्या-लिहिण्यासाठी असलेले झुलिप हे सॉफ्टवेअर आम्ही गेली दोन वर्षे स्वतःच्या सर्व्हरवर चालवीत आहोत, आणि हा अभिप्राय त्या दोन वर्षांच्या वापरातून लिहिला आहे. सॉफ्टवेअरच्या गुणदोषांबरोबरच ते लोकांच्या अंगवळणी कसे पडले, हेही मला सविस्तर सांगायचे आहे. कारण याच कारखान्यात त्याआधी आणलेले असेच एक साधन चार महिन्यांत ओस पडले होते, आणि साधन म्हणून तेही वाईट नव्हते.

त्या पहिल्या वेळी व्यवस्थापनाने एका सोमवारी सर्वांना ईमेल पाठवले, कॅन्टीनमध्ये फलक लावले आणि महिन्यात सर्वाधिक लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, सहलीची छायाचित्रे आली, सुरक्षा सप्ताहाची घोषवाक्ये आली. कोणता जॉब आधी घ्यायचा, कोणता माल अडवायचा, ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये कोणता बदल कळवला, हे सगळे मात्र पूर्वीसारखेच फोनवर, केबिनमध्ये आणि जाता-येता ठरत राहिले. ज्याला काम करायचे होते त्याला तिथे डोकावण्याचे कारणच उरले नाही. चौथ्या महिन्यात तिथे लिहिणारा एकच विभाग शिल्लक होता, तो मनुष्यबळ विभाग. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू मॅकॅफी यांनी २००६ मध्ये ‘एंटरप्राइझ २.०’ ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की ईमेल आणि फोन या मार्गांनी जे बोलले जाते ते त्या दोघाचौघांपुरतेच राहते, आणि कंपनीचे खरे ज्ञान त्यातच अडकून पडते. म्हणून ते सर्वांना दिसेल अशा सामायिक जागी यायला हवे. आम्ही सामायिक जागा आणली होती, पण निर्णय जुन्याच मार्गांनी चालू ठेवले होते.

निर्णय जिथे होत होते ते फोनवरचे संदेशगटही पुरेसे नव्हते. तीस-चाळीस माणसांच्या एका गटात डिस्पॅचची गाडी, कटिंग ऑइलची मागणी, कुणाची रजा आणि ड्रॉइंगची नवी आवृत्ती असे सर्व एकाच प्रवाहात वाहत असे. एकदा ग्राहकाने एका ब्रॅकेटच्या भोकाचे माप बदलले, सुधारित ड्रॉइंग दुपारी गटात आले, त्याच्यावर साठ-सत्तर संदेश चढले, आणि रात्रपाळीने जुन्या मापाने अख्खी बॅच काढली. संदेश सर्वांच्या फोनवर पोहोचला होता. त्या वेळी कुणाला दोष द्यावा असे मला वाटले नाही, कारण पाळीवर येणाऱ्या माणसाने काम सुरू करण्याआधी दिवसभराचे सगळे बोलणे वाचून काढावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

झुलिपची रचना नेमकी या अडचणीवर उत्तर देते. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतले आणि २०१५ मध्ये त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. संस्थापकांपैकी टिम अॅबट यांच्या नेतृत्वाखाली ते आजही विकसित होत आहे. अपाची २.० या मुक्त परवान्यामुळे ते कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. इतर साधनांप्रमाणे यातही चॅनेल असतात, म्हणजे विभागवार किंवा कामवार दालने असतात. पण चॅनेलमधला प्रत्येक संदेश एखाद्या विषयाखाली लिहिला जातो. विषय दिल्याशिवाय संदेश जाऊच नये, अशी सक्ती करण्याची सोयही व्यवस्थापकाला आहे, आणि ती आम्ही पहिल्या दिवसापासून लावली.

सरकारी कचेरीत जिला नस्ती म्हणतात, तिची ज्यांना ओळख आहे त्यांना हा विषय लगेच समजतो. एका प्रकरणाचा प्रत्येक कागद त्याच नस्तीत लागतो, टिपणीखाली टिपणी येते, आणि टेबल बदलले तरी नव्या माणसाला पहिल्या पानापासून प्रकरण वाचता येते. आमच्या स्टोअर्समध्ये निवृत्तीला आलेले एक वरिष्ठ कारकून आहेत. झुलिप पहिल्यांदा दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मॅडम, म्हणजे फाईल लावायची, आणि बोलायचंही फाईलमध्येच.” प्रशिक्षणासाठी मी तयार केलेल्या सादरीकरणापेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी पडले, आणि पुढे प्रत्येक तुकडीला आम्ही तेच सांगितले.

पाळीबदलाचे उदाहरण घेते, कारण आमची सुरुवात तिथूनच झाली. दुपारी साडेतीनला पहिली पाळी जाते आणि दुसरी येते. पूर्वी दोन सुपरवायझर मशीनशेजारी उभे राहून पाच मिनिटे बोलत, एका वहीत चार ओळी लिहीत, आणि वही कपाटात जाई. आता मशीन शॉपच्या चॅनेलमध्ये प्रत्येक चालू अडचणीचा स्वतंत्र विषय असतो आणि त्याच्या नावात भागाचा क्रमांक, मशीनचा क्रमांक व अडचण एवढ्याच गोष्टी असतात. येणारा सुपरवायझर लाईनवरच्या टॅब्लेटवर इनबॉक्स उघडतो, तेव्हा त्याला न वाचलेल्या संदेशांचा ढीग दिसत नाही. विषयांची यादी दिसते. त्याच्या मशीनचे चार विषय असतील तर तो तेवढेच वाचतो. डिस्पॅचचे बोलणे त्याच्यापुरते मूक करून ठेवता येते, आणि ज्या विषयाचा पाठपुरावा करायचा आहे तो ‘फॉलो’ करता येतो. अडचण सुटली की विषयावर सुटल्याची खूण करायची. मग नावाआधी बरोबरचे चिन्ह येते आणि चालू काय व मिटलेले काय हे नजर टाकताच कळते. पाच मिनिटांचे उभ्याचे बोलणे आम्ही बंद केले नाही, आणि कुणी ते बंद करू नये. समोरासमोर सांगताना माणूस मशीनचा आवाज ऐकवतो, कंप हाताला लावून दाखवतो. ते लिहून होत नाही. लिहिल्याने एवढे झाले की त्या वेळी तिथे नसलेल्या तिसऱ्या पाळीलाही ते बोलणे मिळू लागले.

हे रुजले कसे, हा या अभिप्रायाचा गाभा आहे. आम्ही संपूर्ण कारखान्याला एकाच दिवशी झुलिप दिले नाही. एकच लाईन, त्या लाईनच्या तीन पाळ्या, गुणवत्ता आणि देखभाल, एवढ्यांपुरते सहा आठवडे चालवले. घोषणा नाही, फलक नाही, बक्षीस नाही. नियम एकच होता : या लाईनवरचा निर्णय झुलिपवर विषयाखाली लिहिला असेल तरच तो निर्णय. माल अडवला, सोडला, क्रम बदलला, इन्सर्ट बदलला, काहीही असो. तोंडी सांगितले असेल तर सांगणाऱ्यानेच नंतर तिथे लिहायचे.

या नियमाला प्राण दिला तो आमच्या कारखानाप्रमुखांनी. त्यांना दिवसभर लोक खासगीत विचारत असत, “साहेब, हा लॉट सोडू का?” त्यांनी खासगीत उत्तर देणे थांबवले. विचारणाऱ्याला न दुखावता ते त्याचा प्रश्न स्वतःच चॅनेलमध्ये योग्य विषयाखाली लिहीत आणि तिथेच उत्तर देत. पहिल्या पंधरवड्यात त्यांचा बराच वेळ यात गेला. तिसऱ्या आठवड्यात लोकांनी खासगीत विचारणे जवळजवळ सोडले, कारण उत्तर कुठे मिळते हे त्यांना कळले होते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला त्याहून महत्त्वाची वाटते. एका विषयात त्यांनी दिलेला निर्णय चुकीचा ठरला, तेव्हा त्याच विषयाखाली त्यांनी लिहिले की माझा अंदाज चुकला, पुढच्या वेळी आधी गेज तपासून घ्या. त्यानंतर ऑपरेटर आपल्या चुका लिहू लागले. उघड्यावर लिहिलेली चूक पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाईल, ही भीती आमच्याकडच्या माणसांत खोल असते, आणि वरच्या माणसाने आधी लिहून दाखवल्याशिवाय ती जात नाही. असे साधन आणू पाहणाऱ्या कोणत्याही कंपनीला मी पहिला प्रश्न हाच विचारेन की तुमचे सर्वांत मोठे साहेब स्वतः तिथे लिहिणार आहेत का, आणि उत्तर नकारार्थी असेल तर थांबा असे सांगेन.

विषयांची नावे हे दुसरे मोठे काम. प्रत्येक संदेशाला विषय द्यायचा म्हणजे लिहिणाऱ्याला क्षणभर थांबून विचार करावा लागतो की मी नेमके कशाबद्दल बोलतो आहे, आणि घाईत असलेल्या माणसाला हा क्षण जड जातो. सुरुवातीला ‘अर्जंट’, ‘प्रॉब्लेम’ आणि ‘साहेब बघा’ अशा नावांचे विषय भराभर निघाले. झुलिपमध्ये विषयाचे नाव बदलता येते, संदेश दुसऱ्या विषयात हलवता येतात, आणि हलवताना फक्त हा संदेश, हा व पुढचे सर्व, की पूर्ण विषय, हे निवडता येते. या एका सोयीवर आमचे सगळे घडले असे म्हटले तरी चालेल. स्टोअर्समधल्या त्या कारकुनांकडे आम्ही रोज अर्धा तास हेच काम सोपवले. ते सकाळी विषय लावून घेतात, दोन सारख्या विषयांचा एक करतात, भरकटलेले बोलणे वेगळे काढतात. त्यासाठी कुणाला रागावायचे नाही, हा त्यांचा दंडक आहे. चुकीच्या जागी लिहिले तरी चालते, न लिहिता राहू नये, असे ते मुलांना सांगतात. असा माणूस नेमला नाही, तर झुलिपमधले विषय सहा महिन्यांत अडगळीच्या माळ्यासारखे होतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

याचे फळ मला एका शाफ्टमुळे दिसले. लेथवर एका लांब शाफ्टला टेपर येऊ लागला होता. एका टोकाचा व्यास दुसऱ्या टोकाहून वाढत होता. त्या पाळीवरची गुणवत्ता अभियंता कामाला लागून तीन महिने झाले होते. तिने त्या भागाचा क्रमांक शोधला आणि आठ महिन्यांपूर्वीचा, सुटल्याची खूण असलेला एक विषय तिच्यासमोर आला. त्यात लिहिले होते की टेलस्टॉकचे, म्हणजे शाफ्टचे दुसरे टोक धरणाऱ्या भागाचे, सेंटर बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा केलेली नव्हती, म्हणून टेपर आला. डायल लावून तपासल्याचे आकडे आणि छायाचित्रही होते. तिने देखभाल विभागाला विचारले, तर आदल्या रात्री सेंटर बदललेले होते. ज्या माणसाने आठ महिन्यांपूर्वी ते लिहिले होते तो आता आमच्याकडे नाही. त्याने सोडून जाताना कुणाला काही शिकवले नव्हते, पण काम करता करता लिहिलेले मागे राहिले होते, आणि सार्वजनिक चॅनेलमध्ये नव्याने आलेल्याला जुना सर्व इतिहास वाचता येतो म्हणून ते तिला मिळाले.

मराठीबद्दल सांगायलाच हवे. आमचे निम्म्याहून अधिक संदेश मराठीत असतात, काही देवनागरीत, काही रोमन लिपीत, आणि त्यात इंग्रजी तांत्रिक शब्द मिसळलेले असतात. कुणी कसे लिहावे यावर आम्ही बंधन घातले नाही. ज्यांना टंकन जमत नाही ते फोनच्या कीबोर्डवर बोलून मजकूर उमटवतात. ध्वनिमुद्रित संदेश मात्र आम्ही कामाच्या विषयांत घेत नाही, कारण पुढे कुणाला त्यात काही शोधता येत नाही. शोधाची एक मर्यादा आधीच माहीत असावी. झुलिपचा मूळ शोध पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इंग्रजीसाठी घडवलेल्या सोयीवर चालतो. ‘डाय’, ‘डायला’, ‘डायमध्ये’ हे एकाच शब्दाचे रूप आहे, हे त्याला उमगत नाही. इतर भाषांसाठी पीग्रूंगा नावाची जोड बसवता येते आणि झुलिपच्या तांत्रिक मार्गदर्शनात तिची पद्धत दिलेली आहे. बसवणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी. त्याशिवाय विषयाच्या नावात भागाचा क्रमांक घालण्याची शिस्त ठेवली, तर शोधाचे ओझे बरेचसे हलके होते, कारण क्रमांकाला विभक्ती लागत नाही.

संदेश कुणी वाचला हे दाखवण्याची सोय झुलिपमध्ये आहे आणि ती संपूर्ण कंपनीपुरती बंदही करता येते. आम्ही ती बंद केली. “वाचलंस, मग उत्तर का नाही दिलंस?” या एका प्रश्नाने फोनच्या गटांत किती कटुता आणली होती, ते मी पाहिले आहे. पाळी संपलेल्या माणसाने घरून उत्तर देणे अपेक्षित नाही, असेही आम्ही लेखी ठरवले. तातडीचे असेल तर फोन करायचा; आग, अपघात, ग्राहकाची लाईन थांबणे यांसाठी झुलिप नाही. पगार, तक्रारी आणि शिस्तभंगाची प्रकरणेही त्यावर येत नाहीत. ग्राहकाच्या मान्यतेने करायचे अधिकृत बदल ठरलेल्या कागदपत्रांतूनच होतात; झुलिपवर त्यांची फक्त चर्चा आणि सूचना असते. या सीमा आखून दिल्यामुळे युनियनच्या प्रतिनिधींचा सुरुवातीचा संशय कमी झाला. त्यांचा प्रश्न सरळ होता : हे आमच्यावर नजर ठेवण्यासाठी आहे का? लेखी उत्तर देता येत नसेल, तर असे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार व्यवस्थापनाला नाही, असे माझे मत आहे.

खर्चाकडे वळते. स्वतःच्या सर्व्हरवर बसवल्यास सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. शंभरापर्यंत माणसांसाठी दोन जीबी मेमरीचा साधा लिनक्स सर्व्हर चालतो, त्याहून अधिक असतील तर चार जीबी घ्यावी. मोबाईलवर येणाऱ्या सूचना मात्र झुलिपच्या सेवेमार्फतच जातात. ती सेवा दहा वापरकर्त्यांपर्यंत मोफत आहे आणि त्यापुढे व्यवसायांना माणशी दरमहा साधारण साडेतीन डॉलरची योजना घ्यावी लागते. आमच्याकडे लाईनवरची माणसे सामायिक टॅब्लेटवर वाचतात, त्यामुळे स्वतंत्र फोनसूचना किती जणांना हव्यात, याचा हिशेब आधीच करणे आवश्यक ठरले. सर्व्हर सांभाळायचा नसेल तर झुलिपच्याच क्लाउडवर मोफत योजना आहे, पण तीत शेवटचे १०,००० संदेशच शोधता येतात, आणि आठ महिन्यांपूर्वीचा शाफ्ट ज्याला शोधायचा आहे त्याच्यासाठी ही मर्यादा जाचक आहे. सशुल्क क्लाउड योजना माणशी दरमहा सुमारे आठ डॉलरची, वार्षिक भरल्यास काहीशी स्वस्त आहे. दर बदलत असतात, म्हणून घेण्याआधी ताजे आकडे पाहावेत. तुलनेसाठी सांगते की स्लॅक या अशाच दुसऱ्या साधनाच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून मागच्या ९० दिवसांचाच इतिहास दिसतो.

आम्ही स्वतःचा सर्व्हर निवडला त्याला दोन कारणे होती. ग्राहकांची ड्रॉइंगे गोपनीयतेच्या कराराखाली येतात, हे पहिले. दुसरे कारण आम्हाला फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या वर्कप्लेस या अशाच सेवेने दिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मोठ्या थाटात बाजारात आलेली ती सेवा बंद करत असल्याचे मे २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांना वर्षानुवर्षांचे बोलणे दुसरीकडे हलवण्याची तयारी करावी लागली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये १.२ अब्ज डॉलरला घेतलेल्या यॅमर या अशाच साधनाचेही नाव आता व्हिवा एंगेज झाले आहे. विक्रेत्याचे बेत बदलतात, आणि आमच्या मशीनची दहा वर्षांची हकीकत त्या बेतांवर अवलंबून राहावी हे मला मान्य नाही. झुलिपमधली माहिती बाहेर काढता येते, आणि कोड खुला असल्याने उद्या ती कंपनी राहिली नाही तरी सर्व्हर आमच्याकडे चालत राहील.

तरीही हे साधन मी सर्वांना घ्या म्हणणार नाही. एकाच खोलीत बसणाऱ्या आठ-दहा माणसांना विषय लावण्याचा खटाटोप नकोसा होईल. लिनक्स सांभाळणारा, अद्ययावत आवृत्त्या वेळेवर बसवणारा आणि बॅकअप खरोखर परत उघडून तपासणारा माणूस नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नये. व्हिडिओ बैठका यात मुळातून नाहीत. झूम किंवा जित्सीसारखी सेवा जोडून घ्यावी लागते, आणि ती जोडणे सोपे आहे. पडद्याची मांडणी पाहणाऱ्याला पहिल्या आठवड्यात गजबजलेली वाटते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिचे तर्कशास्त्र समजते. तेवढा धीर धरायला लावणारे कुणीतरी लाईनवर हजर हवे, केबिनमध्ये असून भागत नाही.

सध्या चार लाईन, टूल रूम, स्टोअर्स आणि डिस्पॅच झुलिपवर आहेत. खरेदी विभाग अजून ईमेलवरच आहे, कारण त्यांचे बहुतेक बोलणे बाहेरच्या पुरवठादारांशी असते, आणि मी त्यांना घाई करत नाही. टूल रूममधले आमचे सर्वांत ज्येष्ठ मिस्त्री स्वतः टॅब्लेटला हात लावत नाहीत. डाय उघडल्यावर काय दिसले ते ते सांगतात, शिकाऊ मुलगा त्यांच्या शब्दांत लिहून घेतो आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो. परवा त्यांनी त्याला एक ओळ खोडायला लावली. “‘बहुतेक’ काढ,” ते म्हणाले, “मी बघितलंय.”